वलगाव रस्त्यावरची जर्मनी

"मोटार उजव्या बाजूनं चालवणं यात अवघड काहीच नाही," असं मी बापूसाहेबांना शांतपणे सांगितलं.

बापूसाहेब म्हणजे आमच्या अमरावतीच्या दैनिकाचे संपादक. पश्चिम जर्मनीतल्या एका छपाईयंत्रांच्या कारखान्यानं वऱ्हाडातल्या एका पत्रकाराला आमंत्रण दिलं होतं, आणि तो पत्रकार मी होतो! तिथं भाड्यानं मोटार घेईन, स्वतः चालवीन आणि रोज एक प्रवासपत्र पाठवीन, असं मी आमच्याच अंकात जाहीर करून टाकलं होतं. माझ्या हातून आजवर एकही चुकीची ओळ छापली गेली नव्हती. आता हीही खरी करणं भाग होतं.

"अहो कमलाकांत, तिथं सगळं उलटं. स्टिअरिंगचं चाक डावीकडं, गाडी उजवीकडं," बापूसाहेब म्हणाले.

"सरावाचा प्रश्न आहे."

"आणि सराव कुठं करणार?"

"वलगावच्या रस्त्यावर!"

सरावासाठी मी देवमनची जीप ठरवली. लढाई संपल्यावर मोडीत निघालेली ही अमेरिकन जीप, चाक डावीकडं. देवमन ती भाड्यानं फिरवत असे. तिला ब्रेक लावला की ती आधी विचार करायची आणि मग थांबायची.

सराव करायचा तर पुरा, म्हणून जर्मनीसाठी शिवलेला सूटही मी चढवला. बायकोनं मला दारात वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गळ्यात काय ते?" विमलनं विचारलं.

"टाय."

"वलगावला?"

मी सरळ जीपकडं निघालो. दूरदृष्टीच्या माणसानं घरात उत्तरं देऊ नयेत.

सकाळची वेळ होती, रस्ता रिकामा. मी उजवी बाजू धरली. शेजारी देवमन बिडी ओढत बसला होता. पेढी नदीचा पूल ओलांडला, आणि मला खरोखरच जर्मनीत आल्यासारखं वाटू लागलं. तेवढ्यात समोरून दोन बैल आले.

कापसाचा हंगाम होता. त्या दिवसांत अचलपूरकडच्या गाड्या रांगेनं अमरावतीच्या बाजाराला येतात. पहिल्या गाडीवरचा माणूस जागा असतो. मागचे सगळे कापसावर गाढ झोपलेले. त्यांचे बैल पुढच्या गाडीमागं चालत राहतात. त्यांची डावी बाजू म्हणजे माझी उजवी! मी ब्रेक लावला. जीपनं विचार केला. बैलाच्या नाकापाशी ती थांबली.

पहिल्या गाडीवर जानराव नावाचे पागोटेवाले गृहस्थ होते.

"साहेब, हे बाजू आमची हाय ना!"

"मला उजवीकडूनच चालायचंय," मी म्हणालो. हे वाक्य तपासून पाहावं, शब्दशः खरं होतं.

"कावून?"

देवमनला वेळेचं भाडं नव्हतं, फेरीचं होतं. त्याला घाई होती. तो ओरडला, "अबे, आता उजवीकडूनच चालाचं हाय! नवीन निंगालं हे."

"सरकारचं?"

"मंग काय माह्या बापाचं?"

जानरावांनी खाकी जीप पाहिली. डावीकडचं चाक पाहिलं. माझा टाय पाहिला. मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"आन्याचे नवे पैसे केले. शेराचा किलो केला. आता रस्ताबी बदलवला! बरं साहेब, जशी मर्जी."

त्यांनी कासरा ओढला, गाडी पलीकडच्या बाजूला नेली, आणि मागची अख्खी रांग झोपेतच पलीकडं गेली. मी खुलासा करणार होतो. पण मला 'साहेब' म्हणून कुणी मान देण्याचा प्रसंग फारसा येत नाही. शिवाय रस्ता मोकळा झाला होता!

वलगावच्या पुढं बरंच अंतर जर्मन शिस्तीत चालवून मी परत फिरलो. पेढीच्या पुलापाशी येतो तो काय! पुलावर अचलपूरला निघालेली एसटी आणि जानरावांचे बैल एकमेकांच्या तोंडाशी उभे. मागं कापसाचा डोंगर. त्या डोंगरावर आता सगळे जागे होते.

"बाजूले हो बे! डावी बाजू माही हाय!" एसटीचे ड्रायव्हर खुशालराव गरजत होते.

"कालपावतर होती. सरकारनं बदलवली. सोता साहेबानं सांगतलं मले."

"तुले सांगतलं अन् मले नाई सांगतलं?"

"तुमाले कागद येत असन मागून!"

उतारूंत दोन तट पडले होते. "अकोल्यात तर परवाच चालू झालं म्हणे," एकानं ठासून सांगितलं. "म्हूनच माहा साडू अजून आला नाई!"

तेवढ्यात जानरावांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "थे पाहा, साहेबच आले!"

मी टाय सरळ केला. "मंडळी, गैरसमज झालाय. मी सरकारी साहेब नाही. मी पेपरात असतो."

खुशालरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"पेपरात?" खुशालराव हळू आवाजात म्हणाले. "पेपरात आलं म्हंजे पक्कंच हाय."

आणि त्यांनी एसटी उजवीकडं वळवली! त्याच क्षणी जानराव माझ्या खुलाशावर विसंबून आपल्या डावीकडं वळले. आता पूल आडवाही बंद झाला.

एसटीच्या दारातून केशवराव उतरले. केशवराव म्हणजे फौजदार. अचलपूरच्या कोर्टात तारखेला निघाले होते. ती तारीख आता गेली होती.

"कमलाकांत तुम्हीच ना?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "तुमच्या पासपोर्टच्या चौकशीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. चालचलणूक कशी आहे ते लिहायचंय."

माझ्या डोळ्यांपुढून अख्खी जर्मनी निघून गेली. कारखाना, मोटार, रोजची पत्रं आणि ती छापील ओळ!

"साहेब, वाटेल ती शिक्षा..."

"शिक्षा कसली? तुम्ही बदललेला कायदा तुम्हीच पूर्ववत करा. कापसाचा बाजार संपेपर्यंत रोज सकाळी वलगाव नाक्यावर उभं राहायचं. याच सुटात! दुसऱ्या कपड्यांतल्या माणसावर हे लोक विश्वास ठेवणार नाहीत."

मी उभा राहिलो. प्रत्येक गाडीला ओरडून सांगत राहिलो, "डावीकडून! डावीकडून!" जानराव रोज जाताना मान हलवत. "सरकारचं काई ठरूनच नाई राह्यलं!" देवमन गिऱ्हाइकांना नाक्यावरून मुद्दाम फिरवून नेई आणि मला दाखवी. घरी मी झोपेत 'डावीकडून' म्हणतो अशी विमलची तक्रार होती. पण केशवराव शब्दाला जागले. चालचलणूक 'उत्तम' अशी लिहिली, पासपोर्ट आला.

कोलोनमध्ये मी भाड्याची मोटार घेतली. चाक डावीकडं, माझ्या चांगल्या ओळखीचं. मन शांत, हात स्थिर. पहिलं वळण आलं. आणि वलगाव नाक्यावर घासून घासून पक्का झालेला एकच शब्द कानात गर्जला.

समोरून दुधाची मोटार आली. सुदैवानं तिचे ब्रेक विचार न करता लागले!

एक उंच पोलीस आला. त्यानं सलाम केला, वाकून माझ्याकडं पाहिलं, माझा टाय पाहिला, आणि सहानुभूतीनं एकच शब्द विचारला, "इंग्लंड?"

मला भारत आठवला, वऱ्हाड आठवलं, बापूसाहेब आठवले.

मी मान डोलावली.

उरलेले दिवस मी ट्रामनं फिरलो. त्या दिवशीचं प्रवासपत्र मी ऱ्हाइन नदीवर लिहिलं, रुंदी आणि खोलीसकट. अंक काढून पाहा, त्यात एकही ओळ चुकीची नाही.