शेवटचं रीळ कुणी पाहिलं?

एका जंगलात, बाळांनो, एकदा सिनेमा निघाला. मुका सिनेमा. त्यात सगळे नुसती तोंडं हलवायचे, तुमचे बाबा आईपुढे हलवतात तशी. काढला अस्वलशेठनं. हिरो कोण? धनेशराव. ते मोठ्या चोचीचे पक्षी नाहीत का, त्यांतले.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत बसते आणि दार चिखलानं लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नवरा बाहेरून उंबरं आणून फटीतून भरवतो. दोन-तीन महिने! हसू नका रे, तुमचीही लग्नं व्हायचीत.

सिनेमात एवढंच होतं. धनेशराव उंबर घेऊन निघतात. फांदीला धडकतात. उंबर सशाच्या टाळक्यात. पुन्हा आणतात, पुन्हा धडकतात.

पण मुक्या सिनेमाला सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम टिटवीमावशीकडे. गुहेत चादर टांगलेली, मावशी काठी घेऊन शेजारी उभी.

"चालले हं धनेशराव! कुणीकडे बरं? घरी? छे! घरी जाताना कुणाची मान इतकी ताठ असते?"

झालं. शेवटचं रीळ लागायच्या आत सगळी गुहा रिकामी. जो तो ढोलीपाशी. बातमी आधी कुणी द्यायची यावरून ढकलाढकली. साळिंदरबाई काट्यांच्या जोरावर पुढे घुसल्या.

"भानुमतीवहिनी, तुमचे हे उंबरं घेऊन कुणाकडे तरी जातात हो!"

"माझ्याकडेच येत असतील," फटीतून आवाज आला.

"तुमच्याकडेच येत असते, तर त्याचा सिनेमा कशाला काढला असता?"

भानुमतीला मुद्दा बिनतोड वाटला.

"मग शेवटी कुणाकडे जातात?"

"शेवट कुणी पाहिलाय! तुमच्या काळजीपोटी मधूनच उठून आलो आम्ही."

संध्याकाळी भानुमतीनं नवऱ्याला विचारलं. त्याच्या चोचीत उंबर. "उं," तो म्हणाला. तिनं फट लिंपून टाकली. दोन दिवस उंबर घेतलं नाही. आत पिल्लं भुकेनं किंचाळायला लागली. संसार मोडायची वेळ आली हो!

शेवटी तिनं आतूनच अस्वलशेठला हाक मारली. "शेठ, ते शेवटचं रीळ तेवढं दाखवा."

"अख्खा सिनेमा वाळवीनं खाल्ला, वहिनी. शेवट आता फक्त तिलाच ठाऊक."

मग भानुमतीनं चोचीनं दार फोडलं आणि गुपचूप नवऱ्यामागे निघाली. तो उंबराच्या झाडावर गेला. तिथून फांदीला धडकत धडकत थेट स्वतःच्या ढोलीकडे. दुसऱ्या खेपेलाही तसंच.

"अहो, तुम्ही तर घरीच येता की!" ती हसत सुटली. मग तिनंही एक उंबर उचललं आणि दोघं शेजारी शेजारी उडत निघाली.

खालून टिटवीमावशीनं पाहिलं. आता गंमत अशी की, ढोलीत बसून भानुमतीची जुनी पिसं गळाली होती. नवी आली होती, चकचकीत.

"बघितलंत? हीच ती!"

भानुमती खाली उतरली. उंबर टाकून ओरडली, "मावशी, मी बायको आहे यांची!"

"बायको ढोलीत असते, बाई. आम्हाला नको शिकवूस."

आणि सगळे भानुमतीला सांगायला धावले. पाहतात तर दार फुटलेलं, आत नुसती पिल्लं.

"गेली बिचारी घर सोडून," साळिंदरबाईंनी डोळे पुसले. "त्या चकचकीत बयेपायी!"

तात्पर्य : सिनेमा शेवटपर्यंत कधी पाहू नये. शेवटी नवरा घरीच जातो. आणि एवढंच बघायला का कुणी गुहेत बसतं?