आसनस्थ चालकासह

नेब्रास्कातल्या आमच्या मोटार मंडळाचे सभासद एकेचाळीस आहेत आणि नियमपुस्तिकेची पाने एकशे चौदा. म्हणजे माणशी जवळजवळ पावणेतीन पाने पडतात. हे प्रमाण पुरेसे नाही असे मला वाटते, पण मी चुकत असेन.

खेळ म्हणाल तर अगदी साधा आहे. महिन्यातून एका रविवारी जत्रेच्या मैदानाशेजारच्या डांबरी पटांगणावर नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून वेडीवाकडी वळणे घेत शक्य तितक्या लवकर बाहेर पडायचे. ह्याला ऑटोक्रॉस म्हणतात. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. एका वेळी एकच गाडी सोडतात, त्यामुळे कुणी कुणावर आदळत नाही. आदळाआदळ नंतर होते, नियमांवरून.

गाड्यांचे चार वर्ग आहेत. कारखान्यातून आली तशीच असेल ती पहिल्या वर्गात. थोडी सुधारलेली दुसऱ्या, बरीच सुधारलेली तिसऱ्या, आणि जिच्याकडे बघून ही मुळात कोणती गाडी होती हे मालकालाही सांगता येत नाही, ती चौथ्या. सगळी पुस्तिका एका वाक्यावर उभी आहे: ज्याला परवानगी लिहिलेली नाही, त्याला मनाई आहे. सुटे चाक काढून ठेवायला परवानगी आहे. पायाखालच्या चटया काढायला आहे. ॲशट्रेबद्दल काहीच लिहिलेले नाही. एका वर्षी एका सभासदाने सिगारेट सोडली, त्या आनंदात त्याच्या बायकोने गाडीतली ॲशट्रे फेकून दिली. उरलेला हंगाम तो तिसऱ्या वर्गात छप्पर कापलेल्या गाड्यांबरोबर धावला, आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा सिगारेट ओढू लागला.

पुस्तिका मी लिहितो. जिल्हा ग्रंथालयात चौतीस वर्षे मी पुस्तकांना वर्ग देत होतो. निवृत्तीनंतर गाड्यांना देऊ लागलो. मला लोकांशी बोलणे जमत नाही. नियमाचे बरे असते, बोलावे लागत नाही, पान उघडून पुढे सरकवता येते.

बारा वर्षांपूर्वी एक सभासद पाणबुड्यांचा शिशाचा पट्टा कमरेला बांधून आला. गाडी वळणावर उचलली जाऊ नये म्हणून. म्हणाला, "गाडीत वजन ठेवायला मनाई आहे. हे वजन माझ्या अंगावर आहे." पुस्तिका चाळली, तर त्याचे बरोबर होते. मग मी कलम ३.७ लिहिले: 'वजन, भाग व फेरफार यांपुरते गाडी म्हणजे आसनस्थ चालकासह गाडी.' त्यातला 'आसनस्थ' सुचायला तीन दिवस लागले. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. आयुष्यात एक तरी वाक्य बिनचूक लिहिले, असे मला त्या दिवशी वाटले. आवृत्ती दर जानेवारीत निघते. फक्त पाच वर्षांपूर्वी ती एप्रिलपर्यंत लांबली, कारण मी दोन महिने मिनेसोटाला बहिणीकडे होतो, आणि माझ्या स्वल्पविरामांना हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

आता व्हर्लिन आणि गेलनकडे येतो.

व्हर्लिन कुचेरा आणि गेलन स्ट्रॉमबर्ग हे शाळेपासूनचे मित्र. दोघेही सदुसष्ट वर्षांचे. दोघांकडे एकाच सालची, एकाच रंगाची दोन आसनी लहानशी गाडी, दोघे पहिल्या वर्गात. गेली अकरा वर्षे वर्षअखेरीला गेलन पहिला आणि व्हर्लिन दुसरा. आमच्याकडे चषक नाही. वेळ मोजणाऱ्यांच्या खोपटाला आतून एक ओकची फळी ठोकलेली आहे, तिच्यावर दर वर्षी विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी बसते. आणि प्रथा अशी की पट्टीचे चार स्क्रू दुसऱ्या क्रमांकाने पिळायचे. व्हर्लिनने अकरा वर्षांत गेलनच्या नावाचे चव्वेचाळीस स्क्रू पिळले. फळी वरून भरत गेल्यामुळे आता पट्टी गुडघे टेकूनच बसवावी लागते.

शेवटची शर्यत सप्टेंबरात होती. त्या दिवशी व्हर्लिनची वेळ लागली अठ्ठेचाळीस सेकंद, एकही शंकू न पाडता. गेलनची त्याहून अडतीस सहस्रांश सेकंद जास्त. हंगामाचे गुण बरोबरीत होते, म्हणजे फळी व्हर्लिनची. तो गाडीतून उतरला, हेल्मेट काढले आणि नुसता उभा राहिला. मग खोपटात जाऊन फळीवरची मोकळी जागा अंगठ्याने पुसून आला. मी पाहिले.

निकाल अडीचला लागला. तक्रार अर्ध्या तासात, लेखी द्यावी लागते. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी गेलनने मला कागद दिला. त्यावर लिहिले होते: 'गाडी क्रमांक १७, डावा गुडघा, कलम ३.७.'

तक्रार समिती तिघांची. अध्यक्ष लव्हॉनबाई पॉस्पिशिल, मी, आणि तांत्रिक सल्लागार डॉक्टर ट्वायला, ज्या गुरांच्या डॉक्टर आहेत. आम्ही चिलीचे, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचे, वाडगे आणि दालचिनीचे रोल बाजूला सारून टेबल मोकळे केले.

"गेलन, हे काय रे?" लव्हॉनबाई म्हणाल्या. "त्याचा गुडघा फेब्रुवारीत बदलला हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तूच त्याला खिमा घालून भट्टीत भाजलेलं की काय ते नेऊन देत होतास."

"कॅसरोल," गेलन म्हणाला. "आणि मित्र म्हणून देत होतो. आज स्पर्धक म्हणून बोलतोय. चालक गाडीचा भाग आहे. पुस्तकात आहे. भाग बदललाय. हेही खरं आहे. बाकी तुम्ही बघा बाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पान उघडून पुढे सरकवले.

"मोडलेला भाग बदलायला परवानगी आहे की!" व्हर्लिन म्हणाला. "कलम पाच. झिजला होता, बदलला."

"त्याच निर्मात्याचा, त्याच धातूचा भाग हवा," मी हळूच म्हणालो.

"निर्मात्याकडे सुटे भाग मिळत नाहीत हो, ग्रंथपाल! तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये बसून मागतोय."

"मग तो बाहेरचा भाग झाला," गेलन म्हणाला.

"आरामाच्या सोयी चालतात ना? कामगिरीवर परिणाम होत नसेल तर? मी जिने चढायला बसवलाय."

"जिने! गेल्या वर्षी क्लच दाबताना तू देवाचं नाव घ्यायचास. आज शेवटच्या वळणावर शीळ घालत होतास. मी तिथे शंकू उचलायला उभा होतो, ऐकलंय."

लव्हॉनबाईंनी डॉक्टरांचे मत विचारले. ट्वायलाबाईंनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "घोड्याचा असता तर केव्हाच गोळी घातली असती," त्या म्हणाल्या. "पण काम सुबक आहे. मूळच्यापेक्षा बरा."

'मूळच्यापेक्षा बरा' हे शब्द इतिवृत्तात गेले आणि व्हर्लिनचा पहिला वर्ग तिथेच संपला. प्रश्न उरला तो कितव्यात घालायचे. सांध्यातला बदल निलंबनात, म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनमध्ये, मोडत असेल तर दुसरा वर्ग; शक्तिवहनात, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत, मोडत असेल तर तिसरा. वीस मिनिटे चर्चा झाली. शेवटी असे ठरले की माणूस चालत असताना गुडघा हा निलंबनाचा भाग असतो, पण क्लच दाबताना शक्तिवहनाचा. आणि चालक 'आसनस्थ' असल्याने तो चालत असू शकत नाही. तिसरा वर्ग. माझा शब्द कामी आला.

व्हर्लिन उठला नाही. त्याने माझ्याकडे कोरा कागद मागितला.

"नवा निकाल लागला म्हणजे नवा अर्धा तास. बरोबर?"

"बरोबर."

"गाडी क्रमांक चार," तो लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "दोन्ही डोळ्यांची भिंगं. पुढची काच बदलायला पहिल्या वर्गात परवानगी नाही."

"मोतीबिंदू होता रे मला!" गेलन ओरडला. "आंधळा होत होतो!"

"ठाऊक आहे. दवाखान्यातून घरी मीच आणलं ना तुला. वाटेत म्हणालास, व्हर्लिन, दोन मैलांवरच्या गायी मोजता येतायत. मूळच्यापेक्षा बरं, असं नाही का म्हणालास?"

ट्वायलाबाईंनी गेलनच्या डोळ्यांत टॉर्च मारली. तिसरा वर्ग.

इथे थांबता आले असते. पण गेलन गेल्यावर तिसऱ्या क्रमांकाचा गृहस्थ पहिला झाला, आणि चौथ्या क्रमांकाच्या बाईंना ठाऊक होते की त्याच्या छातीत हृदयाचे ठोके लावणारे यंत्र आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, तिसरा वर्ग. त्याने जाता जाता सांगितले की बाईंनी पित्ताशय काढून घेतले आहे. वजन कमी करणे. बाई म्हणाल्या, "दगड होते हो त्यात!" मी विचारले, दगड वेगळे मोजता येतील का. त्या पर्स उचलून चालू लागल्या. पाचव्याच्या हातात गाईच्या लाथेमुळे बसवलेली पोलादी सळई निघाली: चौकट मजबूत करणे. सहावा रक्तदाबाची गोळी घेतो: इंधनात मिसळ. त्याने विचारले, मग सकाळपासून सगळे कॉफी पितायत तिचे काय? लव्हॉनबाई म्हणाल्या, "ते उघडलंस तर मंडळ बंद पडेल, बस खाली." सातवी अवघी सव्वीस वर्षांची, तिच्यात काही सापडेना. मग कुणीतरी विचारले, दात इतके सरळ कसे गं? शाळेत असताना तार लावली होती. चाकांची सरळरेषा कारखान्याच्या मर्यादेबाहेर नेणे. तिला दुसरा वर्ग मिळाला, कारण ती रडली. आठवा बोलावण्याआधीच कवळी टेबलावर ठेवून गेला.

पहिल्या वर्गात नऊ गाड्या होत्या. आठ गेल्या.

नववी माझी. पदाधिकाऱ्याने वर्षातून एक फेरी मारली पाहिजे असा नियम आहे, तोही माझाच. माझी तपकिरी कौटुंबिक गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, ॲशट्रेसह. माझी वेळ एक मिनिट एकतीस सेकंद, अधिक सात शंकू. एका वळणाला मी पार्किंग समजून थांबलो होतो.

"ग्रंथपाल," लव्हॉनबाई म्हणाल्या, "तुमच्यात काही बदललंय का?"

"चष्मा," मी म्हणालो.

"चष्मा काढता येतो. सुटी वस्तू," मागून गेलन म्हणाला. आता त्याचा आवाज थकलेला होता.

'वर्गात एक जरी वैध गाडी उरली तरी विजेता घोषित करावा.' कलम अकरा. कुणी हिरमुसू नये म्हणून मी ते घातले होते.

निकाल चार वाजून दहा मिनिटांनी खोपटावर लागला. मी बाहेर घडीच्या खुर्चीत बसून राहिलो. मैदानात शंकू गोळा करणे चालले होते. व्हर्लिन आणि गेलन एकमेकांपासून लांब उभे राहून आपापल्या गाडीत सुटे चाक परत ठेवत होते. एरवी ते एकमेकांचे चाक धरतात. तिसऱ्या वर्गात व्हर्लिनचा चौदावा क्रमांक लागला होता आणि गेलनचा पंधरावा, अडतीस सहस्रांशाने.

पट्टीवर लव्हॉनबाईंनी ठोकून माझ्या नावाची अक्षरे उमटवली: एल्डन टी. हेडलंड. पण वर्गात दुसरा क्रमांकच नव्हता. स्क्रू कोण पिळणार?

"आणा इकडे," व्हर्लिन म्हणाला. "हात बसलाय माझा."

तो फळीपुढे गुडघे टेकून बसला. नवा गुडघा खट् करून वाजला. मी पट्टी धरायला म्हणून त्याच्या शेजारी वाकलो, आणि माझा उजवा खुबाही तसाच वाजला. खट्. पाच वर्षांपूर्वीचा. पोलाद आणि चिनीमाती, मिनेसोटाला बहिणीच्या गावी बसवलेला. मूळच्यापेक्षा बरा.

व्हर्लिनने मान वर केली. माझ्याकडे पाहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार वाजून चव्वेचाळीस मिनिटे झाली होती.

"चार मिनिटं उशीर झाला," तो म्हणाला.

पुढे सरकवायला पान होते, पण सरकवावेसे वाटले नाही.

त्याने चारही स्क्रू घट्ट पिळले, पट्टी बाहीने पुसली आणि उठता उठता माझ्या खांद्याचा आधार घेतला. "अभिनंदन, ग्रंथपाल," तो म्हणाला. "जपून उतरा. पायऱ्या उंच आहेत."

पट्टी अजून तिथेच आहे. जानेवारीत नवी आवृत्ती निघाली, कलम ३.७ ला मी हात लावला नाही. चांगले वाक्य आहे.

आता हे वाचून कुणाला वाटेल की हा म्हातारा लबाड आहे, ह्याच्याविरुद्ध कुणीतरी तक्रार केली पाहिजे. अवश्य करावी. मुदत संपली असली तरी मी कागद स्वीकारीन. तेवढी सवलत मी देऊ शकतो. फक्त तक्रारदाराचीही तपासणी होते, असा नियम आहे. ट्वायलाबाई टॉर्च घेऊन बसल्या आहेत. या, बसा. आसनस्थ व्हा. आणि आधी तो चष्मा काढून, हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचून दाखवा.