काउंटरची पैज

"उद्या दुकान उघडेपर्यंत हे टणक झालं नाही, तर माझं डोकं भादर. तुझ्या हाताने, भर रस्त्यात खुर्ची टाकून," न्हावी म्हणाला.

"आणि झालं तर?" शेजारच्या लाँड्रीवाल्याने विचारलं.

"तुझी मिशी माझी."

लाँड्रीवाल्याने मिशीवरून एकदा हात फिरवला आणि टाळी दिली.

प्रकरण काउंटरचं होतं. सलूनच्या आरशाखालचं प्लायवूड पाण्याने फुगलं होतं, म्हणून न्हाव्याने त्यावर ओतायला इपॉक्सी आणलं होतं. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही कालवून ओतायचं की वर काचेसारखा टणक थर. पण त्यासाठी डोकं पणाला लावणं म्हणजे जरा जास्तच झालं. कपाळावर झुलणारे ते दाट केस हीच दुकानाची खरी पाटी होती. गिऱ्हाईक आत यायचं आणि बोट दाखवून म्हणायचं, "असं करा."

"डब्यावर दोनास एक लिहिलंय," बायकोने बजावलं. "आणि थोडं थोडं कालवा म्हणतायत."

"तू भाजीत मीठ मोजून घालतेस?"

"मी भाजीसाठी डोकं पणाला लावत नाही."

त्याने अर्धा माल एकाच वाडग्यात कालवला. तेवढ्यात दाढीचं गिऱ्हाईक आलं. एका गालावरून वस्तरा फिरतो न फिरतो, तोच वाडगा तापून धूर सोडायला लागला. गिऱ्हाईक दुसऱ्या गालावरच्या फेसासकट रस्त्यावर पळालं. वाडग्यात उरला दगड, आणि दगडात रुतून बसलेला ब्रश.

"ढीग करून ठेवलं की आतल्या आतच भडकतं," बायको डबा वाचत म्हणाली. "लगेच पसरायचं असतं."

"हे आधी सांगायचं."

"आधी काय सांगत होते मग?"

आता वेळ कमी होता. ताप लवकर उतरावा म्हणून दुप्पट औषध घ्यावं, तसा न्हाव्याने रंगाच्या दुकानातून हार्डनरचा आणखी एक डबा आणला आणि उरलेल्या मालात सगळाच्या सगळा ओतला. मिश्रण काउंटरभर पसरलं. छान चमकलं. संध्याकाळी बोट लावलं, तर बोटाला पाकासारखी तार आली.

त्याने हेअर ड्रायर लावला. ड्रायरने जमिनीवरचे दिवसभराचे कापलेले केस उडवले आणि ते काउंटरवर जाऊन बसले. उचलायला गेला तर बोटंही चिकटली. बघता बघता काउंटरला लव फुटली.

"आता हे विंचरायचं की कापायचं?" बायकोने विचारलं.

सकाळी त्याने काउंटरवरच्या केसांवर अर्धा डबा पावडर मारली आणि तोंडावर शांत भाव आणून उभा राहिला. रस्त्यावरचे रिकामटेकडे जमले. लाँड्रीवाल्याने पावडरीकडे पाहिलं, न्हाव्याकडे पाहिलं, आणि शर्टावर इस्त्री दाबावी तसा काउंटरवर तळवा दाबून धरला. सोडवला तेव्हा तळव्यावर भरघोस केस होते.

"पैज माझ्या मिशीची होती," तो म्हणाला. "ही कुणाची?"

गर्दीत रंगाचा दुकानदार होता. "तो जादा डबा यात ओतला होय? अहो, हे सुकत नसतं, जुळत असतं. राळेने हार्डनरचा हात धरायचा, असं करत जाळं विणलं जातं. तुम्ही हातच एवढे घातलेत, निम्म्यांना धरायला कुणी मिळालंच नाही. विणणार कोण?"

"आणखी दोन दिवस दिले तर?"

"दोन वर्षं दिली तरी नाही. सगळं खरवडून पहिल्यापासून करा."

खुर्ची रस्त्यावर आली. बायकोने न सांगता टॉवेल आणून दिला. लाँड्रीवाल्याने केस कापायचं मशीन सुरू करून कपाळावर टेकवलं.

"असं नाही, मागून पुढे घे," न्हावी वैतागून म्हणाला. "कान खाली दाब. ओढू नकोस, कॉलर नाहीये ती."

लाँड्रीवाला मुकाट्याने ऐकत गेला. झुलपं मांडीवर पडत गेली. न्हावी डोळे मिटून सूचना देत राहिला, आणि शेवटी डोकं असं स्वच्छ निघालं की कुठे ओरखडा नाही, कुठे खुंट नाही.

न्हावी उठला. त्याची जागा लगेच एका गिऱ्हाइकाने घेतली. सवयीने न्हाव्याने टॉवेल झटकला आणि मशीनसाठी हात पुढे केला.

"तुम्ही राहू द्या," गिऱ्हाईक लाँड्रीवाल्याकडे मान वळवत म्हणालं. "यांचा हात हलका दिसतोय."