तायडे काकांचे दोन पेशंट

तायडे काकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, जखमा राहतात. राजापेठेत भाजी घेता घेता ते मधेच थांबतात, समोरच्या स्कूटरवाल्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, "डावी पोटरी ना बे तू? सायलेन्सरनं पोळलेली?" तो माणूस आधी गोंधळतो, मग हसतो आणि भर रस्त्यात पॅन्ट वर करून पोटरी दाखवतो. काका वाकतात, अंगठ्यानं डाग दाबून बघतात, "मस्त भरली," म्हणतात आणि पुन्हा वांग्यांकडे वळतात. एका लग्नात मात्र त्यांनी एका नावाजलेल्या वकिलाला असंच ओळखलं. त्या साहेबांचं गळू नेमकं बसायच्या जागी झालं होतं. साहेब त्या पंगतीत शेवटपर्यंत उभ्यानंच जेवले.

काका सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टरनं कापायचं, शिवायचं आणि पुढे जायचं. ती जखम रोज उघडून, धुऊन, मलम लावून पुन्हा बांधायची, हे काम काकांचं. "डॉक्टर येते न जाते," ते म्हणतात. "जखम ड्रेसरपाशी राह्यते." तीसेक वर्षं त्यांनी हे केलं. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि जवळच्याच एका क्लासमध्ये गणित शिकवतो. म्हणून मी 'मास्तर'.

त्यांचं आवडतं वाक्य एकच: "खपली ओढाची नाई." ते फक्त जखमेला लागू नाही. शेजारच्या दोन भावांनी जुन्या भिंतीवरून भांडण उकरलं, की काका गॅलरीतून ओरडतात, "कावून खपली ओढून राह्यले बे?" माझं ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर मी मोबाइलवर कुणाचे फोटो बघतो हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. जिन्यात गाठून म्हणाले, "मास्तर, खालून नवी कातडी येत असते. तिले येऊ द्या."

काकू फार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी स्नेहल काकांनी एकट्यानं वाढवली. शिकता शिकता तिनं दोन पांढऱ्या उंदरिणी पाळल्या, जिलेबी आणि इमरती. मग तिला बंगळुरूला नोकरी लागली. तिथल्या घरमालकिणीला उंदीर चालेना, त्यामुळे पिंजरा इथेच राहिला.

"ज्या गावात लोकं औषध टाकून उंदरं मारून राह्यले, थ्या गावात मी उंदरं पोसू?" काका आठवडाभर हेच म्हणत होते. पिंजऱ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. दाणे टाकायचे तेही तोंड फिरवून.

आठव्या दिवशी खालून हाक आली. "मास्तर, टॉर्च घेऊन या!"

मी गेलो. काका चष्मा कपाळावर चढवून टेबलापाशी बसले होते आणि त्यांच्या तळहातावर जिलेबी होती. मानेच्या मागे केस विरळ झाले होते आणि तिथे तपकिरी, खरखरीत खपल्या होत्या. काकांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला उजेड होता.

"चावलं नाई हे," ते पुटपुटले. "चावल्याचं दोन दातांचं असते. हे खाजवलेलं हाय. मागच्या पायाची नखं पाहा, कशी दाभणासारखी."

त्या दिवसापासून जिलेबी झाली खाट नंबर एक आणि इमरती खाट नंबर दोन. दोघींचे केसपेपर निघाले. सकाळी आठला राउंड सुरू झाला.

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना काकांनी फोन केला. ते म्हशी बघणारे. म्हणाले, "उंदराले खरूज? मारून टाका ना काका, काय कटकट!" काकांनी फोन ठेवला आणि तो माणूस त्यांच्या लेखी कायमचा संपला. "पेशंट खाजवते म्हनून मारून टाकतात का कोनी?"

शेवटी स्नेहलनं अकोल्यातली एक डॉक्टर शोधली, लहान प्राणी बघणारी. काका दोघींना टोपलीत घालून एकटेच गेले आणि फार खूश होऊन परतले. बारीक किडे झाले होते. डॉक्टरनं दोघींच्याही मानेवर औषधाचे थेंब टाकले, नखं कापली, पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा काढून मऊ कापड घालायला सांगितलं. दवाखान्यात वापरायचं ते उग्र जंतुनाशक लावू नका, कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा, म्हणाली. "आन पुढं काय म्हनली आयका," काकांनी मला दंडाला धरून थांबवलं. "खपली ओढू नका म्हनली! पोट्टी शिकलेली हाय, मास्तर."

महिन्याभरात मानेवर नवे केस आले. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती, पण काका दर रविवारी दोघींचं सगळं अंग चाचपून बघत. एका रविवारी खाट नंबर दोनच्या पुढच्या पायाखाली, काखेत, त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. केसपेपरवर लिहिलं, 'तुरीचा दाणा.' पुढच्या रविवारी 'हरभरा.' त्याच्या पुढच्या रविवारी 'बोर.'

"गळू असतं तं गरम लागलं असतं," ते मला म्हणाले. आवाज खाली गेला होता. "पू असता तं दबला असता. हे कडक हाय न बोटाखाली सरकते. गाठ हाय मास्तर."

रात्रीचं जेवण बाजूला ठेवून त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर स्नेहलला फोन लावला. गाठीचं त्यांनी तिला दुपारीच कळवलं होतं आणि तिनं अकोल्याच्या डॉक्टरला विचारून ठेवलं होतं: गाठ काढता येईल, पण भूल सोसेलच असं नाही. स्नेहल रडवेली झाली. "बाबा, त्यांचं आयुष्यच अडीच वर्षांचं. इमरती दीड वर्षाची झाली. राहू द्या ना, कशाला त्रास तिला?"

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, हिशोब करा. अडीच वर्षं म्हंजे मानसाचे सत्तर धरा. एक वर्ष म्हंजे किती?"

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"आयकलं का, स्नेहल? अठ्ठावीस वर्षं बाकी हायत तिचे. तुह्यं वय बी तितकं नाई अजून."

मी मूळचा अकोल्याचा, जुन्या शहरातला, म्हणून काकांनी या वेळी मलाही सोबत घेतलं. खरं तर रस्ता त्यांना माहीत होता. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. एकीला नेलं की दुसरी खात नाही, म्हणून खाट नंबर एकही टोपलीत होती. समोरच्या बाईनं विचारलं, "काय हाय टोपल्यात, भाऊ?"

"पेशंट," काका म्हणाले. बाईनं पाय आखडून घेतले.

गाडीत ते एकाच गोष्टीवर चिडले होते. डॉक्टरनं इमरतीला उपाशी ठेवू नका म्हटलं होतं. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे पोट रिकामं ठेवायची गरज नाही. "ऑपरेशनच्या पेशंटले सकाळी खाऊ घाला म्हनते! माह्या सर्विसमधी असं कदी नाई झालं." असं म्हणत काका तिला काकडीचे बारीक तुकडे भरवत होते.

अकोल्यात डॉक्टरनं इमरतीला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो.  काकांनी टोपलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग अचानक माझा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"खडूनं चिरा पडल्या," ते म्हणाले आणि एकेक बोट दाबून बघू लागले. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता. बोटं बघून झाली, पण हात त्यांनी सोडला नाही.

"तुमाले सांगतो मास्तर. दवाखान्यात रोज चाळीस-पन्नास लोकाईले हात लागे. कोनी बोंबले, कोनी शिव्या दे. रिटायर झालो, तं दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुतले न बसलो. चार वाजता ध्यानात आलं, आज आपला हात कोनालेच लागला नाई. मंग तसेच दिवस जाऊ लागले. स्नेहल होती, पन जवान पोरीच्या डोक्यावर हात ठिवाले बी निमित्त लागते." त्यांचा अंगठा माझ्या तळहातावर फिरत होता. "हे उंदीर पाह्यलं त्या दिवशी... लय दिवसांनी कोनाचं तरी आंग हाताखाली आलं होतं."

 मी हात काढून घेतला नाही.

दार उघडलं. डॉक्टर हसत होती. "झालं, काका. शुद्धीवर येतेय." टॉवेलमध्ये इमरती होती, एका कुशीवरचे केस भादरलेले, टाके कातडीच्या आत.

"पट्टी?" काका उभे राहिले.

"पट्टी नाही बांधायची. कुरतडून काढेल ती."

तीस वर्षं पट्ट्या बांधलेले काका डॉक्टरकडे बघतच राहिले. "मंग मी काय करू?"

"पूर्ण जागी होईपर्यंत गार पडू द्यायची नाही. हातात धरून बसा. बस, एवढंच."

गाठ साधी निघाली आणि आठ-दहा दिवसांत जखम भरली, पण मला आठवते ती दुपार. काका त्या बाकावर दोन्ही तळहातांची ओंजळ करून बसले होते आणि ओंजळीत ती पांढरी, श्वास घेणारी मूठभर उंदरीण होती. आमची परतीची एक गाडी गेली, मग दुसरी गेली. मी काकांना वेळ सांगितली नाही.