अडल्यास विचारा

"बघतो मी" हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझा शनिवार वाया गेला. एरवी हे शब्द मी गळक्या नळासाठी वापरतो. म्हटलं की बायको समजून जाते आणि प्लंबरला फोन करते. या वेळी मात्र तिने ते खरे मानले.

प्रकरण तिच्या प्रबंधाचं होतं. बायको चौथीच्या वर्गाची शिक्षिका. वर्गात अडलं तरी मुलं बाईंना का विचारत नाहीत, हा तिचा विषय. दोन वर्षं ती त्यावर घाम गाळत होती आणि तिचे मार्गदर्शक सर "पुरावा कुठे आहे?" एवढंच म्हणत होते. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. शनिवारी पाच वाजेपर्यंत याआधी झालेल्या संशोधनाचे दहा लेख आपल्याकडे आले नाहीत, तर नोंदणी रद्द.

हे लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या डेटाबेसमध्ये होते. तो फक्त तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडतो. आणि शनिवारी बायकोला शाळेत परीक्षेची ड्यूटी.

"अहो, सोपं आहे," ती म्हणाली. "माझ्या कार्डावर आत जायचं, शोधायचं, सरांच्या ई-मेलवर पाठवायचं. काही अडलं तर ग्रंथपालबाईंना विचारा."

"मी? विचारू?" मला हसू आलं. "अगं, बावीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये आहे मी. लोक मला विचारतात!"

(हे खरं आहे. 'फाइल कुठे आहे' असं विचारतात. मी "बघतो" म्हणतो.)

"तरी विचाराच," ती म्हणाली. "दोन वर्षं आहेत हो त्यात माझी." तिचा आवाज जरा कापरा झाला. मला वाईट वाटलं, आणि म्हणूनच मी आणखी छाती काढून म्हणालो, "दहा कसले, वीस आणतो!"

सकाळी दहाला मी ग्रंथालयात हजर. कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्याच टेबलाशी ग्रंथपालबाई. टेबलावर पाटी, 'अडल्यास विचारा'. मी पाटीकडे पाठ होईल अशा बेताने खुर्ची वळवून घेतली.

पडद्यावर एक लांबट रिकामी चौकट होती. आता सरकारी माणसाला रिकामी चौकट दिसली की तो काय करणार? मी व्यवस्थित लिहिलं : 'महोदय, विषय : मुले बाईंना विचारत नसल्याबाबतचे लेख मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, माझ्या पत्नीस सदर लेखांची तातडीने आवश्यकता असून…' शेवटी 'आपला विश्वासू'ही टाकलं आणि बटण दाबलं.

निकाल शून्य.

मी समजलो. अर्जाला संदर्भ क्रमांक नव्हता. बायकोच्या कार्डाचा नंबर घातला. शून्य. आजची तारीख घातली. पुन्हा शून्य.

"काही मदत हवी का?" मागून आवाज आला.

"छे छे! चाललंय."

मग मी रागाने एकच शब्द टाकला : 'मुले'. कॉम्प्युटरने अकरा लाख लेख काढून दिले. हे बघा, असं असतं! वीस म्हणालो होतो, अकरा लाख मिळाले. आता वरून एकेक तपासायचा, एवढंच काम. रेकॉर्ड रूममध्ये आम्ही असंच करतो. पहिला लेख दुधाच्या दातांवर होता. दुसरा जंतांवर. दुपारी एकपर्यंत मी एकशे चौदाव्या लेखापर्यंत आलो, आणि मुलांच्या पोटाबद्दल मला नको तितकी माहिती झाली.

"बघू का मी जरा?" ग्रंथपालबाई पुन्हा.

"नको नको, जवळजवळ झालंच." (अकरा लाखांतून एकशे चौदा वजा करून बघा.)

मग मी कॉम्प्युटरशी थेटच बोलायला सुरुवात केली. 'मुले का विचारत नाहीत ते सांगा.' 'मुलांना विचारायला काय होते?' 'न विचारणाऱ्यांचे काय करावे?' अडीचच्या सुमारास हात आपोआप चालू लागले आणि मी लिहिलं, 'लेख न मिळाल्यास पत्नीस काय सांगावे?' त्यावर मात्र चार लेख निघाले. मी चारही वाचले. एकात 'खरे सांगावे' असं होतं, ते मी बंद केलं.

साडेचार वाजले. मला परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारी बायको दिसू लागली. पायांत गोळे आलेले, मनात एकच, की घरचा माणूस गेलाय, तो आणील. तरी मान वळेना.

शेवटी ग्रंथपालबाईच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या. "विषय सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितला.

"मग अख्खं वाक्य नका लिहू. तुकडे करा. कोण? विद्यार्थी. काय? मदत मागणं. कुठे? वर्ग." त्यांनी तीन वेगळ्या चौकटी उघडल्या. "आता प्रत्येकाची दुसरी नावं. विद्यार्थी किंवा मुले किंवा शाळकरी. 'मदत मागणे' हे दोन शब्द सुटे नकोत, म्हणून अवतरणचिन्हांत. आणि फक्त गेल्या दहा वर्षांतलं."

बटण दाबलं. चौतीस लेख. पहिल्याचंच शीर्षक होतं, वर्गात मदत मागण्याची लाज.

सगळं मिळून तीन मिनिटं लागली. मला रडू यायचं बाकी होतं. दहा लेख निवडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता पाठवताना—"

"ते येतं मला!" मी म्हणालो. काहीतरी तर आपलं असावं. पाठवण्याच्या पानावर बऱ्याच लहान लहान चौकटी होत्या. एखादी राहून जायला नको, म्हणून सगळ्यांत खुणा केल्या आणि सरांना पाठवून दिलं. चार छप्पन्न.

घरी बायकोने मला स्वतःहून चहा दिला. "डोकं चालवावं लागतं," मी फुंकर मारत म्हणालो. तेवढ्यात सरांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"लेख उत्तम आहेत," सर म्हणाले. "पण सोबत आजच्या शोधाचा सगळा इतिहास आलाय. वेळेसकट. दहा बारा : 'महोदय, विषय…' दहा वीस : तोच अर्ज, तारखेसह. दोन एकतीस : 'पत्नीस काय सांगावे?'"

मी कप खाली ठेवला. बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"एकूण त्रेचाळीस प्रयत्न," सर पुढे म्हणाले. "पानावर मदतीचं बटण आहे, ते शून्य वेळा दाबलंय. बाई, दोन वर्षं मी पुरावा मागतोय, तो हा! विषय मंजूर. कोण हा विद्यार्थी?"

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"घरचाच आहे, सर," ती म्हणाली.

प्रबंध आता छापून, बांधून आलाय. पहिल्याच प्रकरणात तक्ता आहे. चौथीच्या चाळीस मुलांना अवघड कोडं दिलं होतं. सगळ्यात हट्टी मुलाने सातव्या प्रयत्नानंतर हात वर केला. एक्केचाळिसाव्या ओळीत वय एकोणपन्नास आणि 'कितव्या प्रयत्नानंतर विचारले' या शेवटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. तिला चांदणीची खूण करून खाली तळटीप दिलीय. ती चार वेळा वाचली, पण त्यातला एक शब्द स्तुतीचा आहे की कसला, ते काही केल्या कळत नाही.

बायको समोरच बसून वह्या तपासतेय. तिला विचारलं तर क्षणात सांगेल.

बघतो मी.