मुख्य डब्याचा सत्कार

माणसांना पुढारी लागतो आणि पुढाऱ्याला नारळ लागतो. ही दोन सत्यं ज्याला कळली, त्याला लोकशाही कळली.

खर्डीपलीकडच्या त्या गावात मोबाइलला रेंज नाही. म्हणून एका संस्थेने सव्वीस घरांत सव्वीस बिनतारी डबे दिले. निरोप या डब्यातून त्या डब्यात उड्या मारत खर्डीपर्यंत जातो, तसाच परत येतो आणि डब्याला जोडलेल्या मोबाइलवर दिसतो. सगळे डबे एकदम बोलू लागले तर त्याची ग्रामसभा होते, म्हणून ते आपसांत एक मुख्य डबा निवडतात. निकष तीनच: चार्जिंग भरपूर, शेजारी पुष्कळ, आणि जागचं हलायचं नाही. (जात आणि पाहुणेरावळे यांचा रकाना ठेवायला संस्थेचे साहेब विसरले होते.)

देवराम माजी उपसरपंच. मुख्यपद आपल्याच डब्याला, या खात्रीने त्यांनी तो पिशवीत घालून गावभर मिरवला आणि पहिल्याच फेरीत बाद झाले. निवडला गेला सकुबाईचा डबा. तिने तो उतरंडीवर ठेवला होता, त्यानंतर बोटही लावलं नव्हतं. लेक वर्षा शहापूरच्या दवाखान्यात बाळंतपणाला होती, नि निरोप यातूनच येणार होता. पूर्वी असे निरोप बांधाबांधावरून हाकेने यायचे. वाटेत 'मुलगी झाली'चं 'म्हैस व्याली' व्हायचं, पण वेळेवर यायचं.

"सकू, तुझा डबा मुख्य झाला. सत्कार नाय केला तर गावाची लाज जाईल गो," देवराम म्हणाले.

"दादा, नका हलवू त्याला. माझी पोर अडली हाय."

"अगो, पाच मिन्टांचं काम!"

(गावात पाच मिनिटं म्हणजे सरासरी दोन तास दहा मिनिटं.)

डब्याला कुंकू लागलं आणि तो वाजतगाजत देवळाकडे निघाला. सत्काराला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाकीच्यांनीही आपापले डबे घेतले. देवरामांनी तर स्वतःच्या डब्याला शालही घातली. सगळेच हलू लागल्यावर मुख्य कोण, हे डब्यांनाच कळेना. सकुबाईच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. "संपर्क हा विकासाचा आत्मा आहे," देवराम भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. सकुबाईच्या हातात पदराची पिळून दोरी झाली होती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली, "सकू गोऽऽ! पोरगी झाली! दोघी बऱ्या हायेत!"

ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतली धोंडीबाई. तिला सत्काराचं बोलावणं नव्हतं (यादी करणाऱ्याची नजरचूक, सलग साठावं वर्ष). त्यामुळे तिचा एकटीचा डबा चुलीशेजारी जागच्या जागी होता. मुख्यपद आपसूक त्याच्याकडे गेलं, आणि सकुबाईच्या जावयाने साऱ्या गावासाठी धाडलेला निरोप धोंडीबाईच्या सुनेने वाचला.

सकुबाई रडता रडता हसली. देवरामांनी घसा साफ केला, "मंडळी, नवा मुख्य डबा निवडून आलाय. तेव्हा त्याचाही सत्कार..."

"डब्याला हात लावाल तर याद राखा!" पलीकडून आवाज आला. (तोही वेळेवर.)

हसताय? मिरवणुकीत पंचवीस डबे होते, जागेवर एक. तुमचा कुठला, ते सांगू नका. शालीवरून कळतंच.