संरक्षण खातं आणि एक डबा गोंद

"शस्त्रास्त्रांचं माझ्यावर सोडा," असं मी सभेत म्हणालो तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडत होता. पण आवाजात असा काही दम होता, की आमच्या निवृत्तांच्या नाट्यमंडळानं एकमतानं संरक्षण खातं माझ्या हवाली केलं. एकमत अशासाठी, की दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.

नाटक राजदरबारी. शेवटच्या अंकात राणी जुलमी राजाशी तलवारीनं लढते आणि त्याला मारते. राणी माझी बायको. आजवर तिनं विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. नेहमीच्या नायिकेचा गुडघा दुखावला, म्हणून यंदा पहिल्यांदाच तिच्या तोंडावर उजेड पडणार होता. राजा म्हणजे मंडळाचे सचिव. कुठल्याही खर्चाला 'तूर्तास नको' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना तूर्तासच म्हणतात. मागच्या वर्षी लाकडी तलवारीनं त्यांची करंगळी सुजली होती. त्यांनी बजावलं, "तलवार मऊ हवी, चमकदार हवी आणि जवळजवळ फुकट हवी. नाहीतर लढाई कापा. राणी निषेधाचं पत्र पाठवेल."

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "मी पत्र पाठवायला स्टेजवर जाणार नाहीये. मला त्यांना मारायचंय."

यात अभिनय किती होता, मला सांगता येणार नाही.

पहिली तलवार मी थर्माकोलची केली. टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल, म्हणजे फुकट. गरम सुरीनं सुबक पातं कापलं, मूठ कोरली आणि चंदेरी रंगाचा फवारा मारला. तलवार डोळ्यांदेखत विरघळायला लागली. मूठ गेली, पात्याची धार गेली, आणि हातात उरलं ते फार तर स्वेटर विणायला चाललं असतं.

"म्हणजे राजाला गुदगुल्या करून मारायचं का?" बायकोनं विचारलं.

दुसरी पुठ्ठ्याची. दिसायला झकास. पण तालमीत पहिल्याच वाराला ती कमरेत वाकली आणि तशीच राहिली. तूर्तासांना ती फार आवडली. राणीची तलवारच राजाला मुजरा करते, ही त्यांना नाटकातली सुधारणा वाटली. "हीच ठेवा," म्हणाले. बायको तडक घरी गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

मग मला माझी व्यायामाची चटई आठवली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेली. ती आजवर एकदाच उलगडली गेली होती, दुकानात. मऊ, हलकी, कापायला सोपी. आत ताठपणासाठी प्लास्टिकची नळी. दोन तलवारी अशा उतरल्या, की चटईच्या जन्माचं सार्थक झालं. अडचण एकच. फोम रंग पितो. म्हणून आधी त्याला गोंदाचा हात द्यायचा, तो वाळला की वर रंगाचा. इथे माझं डोकं चाललं. दोन हात कशाला? चपलांचे तळ चिकटवायचा पिवळा गोंद घरात होता. त्यातच मी चंदेरी पूड कालवली आणि एका ब्रशात दोन्ही कामं उरकली. असली बचत सुचली, की आपण अर्थमंत्री कसे झालो नाही याचं नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं. खडखडीत कोरडं. तलवारी गॅलरीतल्या दोरीच्या दोन टोकांना लटकत होत्या आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घेत होते.

"तालमीला छत्र्या वापरा," मी हुकूम सोडला, "चकाकी जाईल."

ज्यानं कधी चप्पल चिकटवली आहे त्याला हा गोंद ठाऊक असतो. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की एकमेकांवर दाबायचं. मग ते सुटणं नाही. मलाही हे ठाऊक होतं. पण ते चपलांच्या संदर्भात.

प्रयोगाला हॉल भरला होता. राणी आली, राजा आला, तलवारी दिव्यांखाली अशा तळपल्या, की पहिल्या रांगेतून 'वा' ऐकू आलं. विंगेत माझ्याशेजारी दिग्दर्शक दोन पळ्या घेऊन आवाजासाठी सज्ज होते. तलवारी भिडल्या. खण्ण आवाज झाला. मग दुसरा खण्ण झाला, तिसरा झाला. तलवारी मात्र पहिल्याच खण्णला थांबल्या होत्या.

"सोडा, वहिनी," तूर्तास दातांमधून म्हणाले.

"तुम्ही सोडा, भाऊजी."

"मंडळाची मालमत्ता आहे. मी सचिव आहे."

दोघं गोल फिरत होते. दारातून कपाट न्यायला निघालेली दोन माणसं फिरतात तसे. दिग्दर्शकांनी पळ्या थांबवून माझ्याकडे पाहिलं. "काय लावलंस रे त्यांना?"

"गोंद. चकाकी कशी वाटतेय?"

मागच्या रांगांतून हसू यायला लागलं. बायकोच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला दिसला. एवढ्या वर्षांनी मिळालेली राणी माझ्यापायी हसण्यावारी जाणार होती.

तिनं मूठ सोडली.

तूर्तास जीव खाऊन ओढत होते. ते उलटे गेले आणि थेट सिंहासनात जाऊन बसले. आता राजाकडे दोन तलवारी, राणीकडे एकही नाही. हसणाऱ्या मागच्या रांगा पुढे झुकल्या. बायको संथपणे चालत त्यांच्यासमोर आली. कमरेवर हात ठेवले. आणि नुसतं पाहिलं.

ती नजर मी ओळखली. दूध गॅसवर ठेवून मी पेपर वाचत बसलो, की ती येते.

तूर्तासांच्या ओठांवर "तूर्तास..." एवढं आलं, तेवढ्यावरच विरलं, आणि मान कलली. असा मृत्यू त्यांना तालमीत एकदाही जमला नव्हता. टाळ्या थांबेनात.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की एकजीव झालेल्या तलवारींतून दिग्दर्शकांनी युद्धाची निरर्थकता दाखवली. दिग्दर्शकांनी नम्रपणे मान लववली. पुढच्या सभेत तूर्तासांनी ठराव मांडला, की यापुढे शस्त्रं करू नयेत, वहिनींनी नुसतं पाहावं, खर्च शून्य. संरक्षण खातं बरखास्त झालं.

घरी जेवायला बसताना मी बायकोला म्हणालो, "खरं सांगू? तलवारीपेक्षा तुझी ती नजर भारी होती."

"कुठली नजर?" तिनं माझ्याकडे पाहत विचारलं.

मी उठून ताटं वाढायला घेतली.